चेकमध्ये शांत गाव हवं असेल तर तेल्चला जा, पण रात्री तिथेच राहा

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये एकट्याच चेकला निघाला आहात, प्राग झाल्यावर दोन-तीन दिवस हातात आहेत, चेस्की क्रुमलोवच्या गर्दीचे फोटो बघून तिथून मन उडालंय आणि तुम्ही पूर्ण शाकाहारी आहात. असं एखादं निवांत गाव कुठलं, हा तुमचा प्रश्न. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं चेकमधल्याच बर्नो शहरात होतो. त्या भागातली बरीच गावं पायाखाली घातली, पण तुम्हाला एकच सांगेन: तेल्च. आणि तिथे मुक्काम करा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं मुळीच करू नका.

मुक्कामाचा एवढा आग्रह धरणारा मी स्वतः तिथे राहायला गेलोच नव्हतो. एका शनिवारी बर्नोहून गेलो. उतरल्याबरोबर थांब्यावरचं वेळापत्रक वाचून परतीची गाडी ठरवून टाकली. त्या वेळेपुढे दोन हातोड्यांची फुली असं बारीकसं चिन्ह होतं. मला वाटलं, रस्त्याचं काम चालू असेल. चेक वेळापत्रकात त्या हातोड्यांचा अर्थ 'फक्त कामाच्या दिवशी', म्हणजे सोमवार ते शुक्रवार, तेही सुट्ट्या वगळून. संध्याकाळी पाऊण तास थांब्यावर ताटकळल्यानंतर एका आजीबाईंनी हातवारे करून मला हे ज्ञान दिलं. (क्रॉसचं चिन्ह दिसलं तर रविवार आणि सणाच्या सुट्ट्या, वर्तुळातला ६ म्हणजे शनिवार. हे पाठ करूनच जा.) मग काय, चौकातल्या एका पेन्झिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, खोली घेतली आणि चरफडत खाली उतरलो.

चौकात तोवर कोणीच उरलं नव्हतं. दुपारी जिथे आइस्क्रीमची रांग होती तिथे एक मुलगा सायकलच्या गोल फेऱ्या मारत होता आणि त्याच्या चाकांचा दगडी फरशीवरचा खडखड आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता. उतरतं ऊन एका बाजूच्या घरांवर, दुसरी बाजू सावलीत. मी कमानींखालून एक चक्कर मारली, मग उलटी मारली. दिवसा हा चौक मी तासाभरात 'उरकला' होता, याची तेव्हा लाज वाटली.

हा चौक म्हणजेच तेल्च, असं म्हटलं तरी चालेल. गाव जेमतेम पाच हजार वस्तीचं. चौक चौकोनी नाहीच. लांबट, एका टोकाला निमुळता होत गेलेला, दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून उभी घरं. प्रत्येकाचा रंग वेगळा, माथ्यावरची दर्शनी भिंत वेगळ्या घाटाची, आणि खाली मात्र सगळ्यांना जोडणारी कमानींची सलग पडवी. पावसात छत्री न उघडता अख्खी बाजू चालता येते. हे सगळं एका आगीमुळे झालं. १५३० साली गाव जळालं, त्यानंतर घरं नव्याने बांधली गेली. पुढे झाखारियाश नावाचा सरदार इथला धनी झाला. तो इटली बघून आला होता आणि तिथलं वास्तूंचं वेड बरोबर घेऊन आला. त्याने जुन्या गढीचा रेनेसाँ थाटाचा, म्हणजे त्या काळच्या इटालियन शैलीचा, महाल करून घेतला, इटालियन कारागीर आणले, आणि गावकऱ्यांच्या घरांनाही तीच हौस लागली. १९९२ पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. चौकाला नावही याच झाखारियाशचं आहे.

घरांकडे बघताना एक गोष्ट चुकवू नका. काही भिंतींवर चित्रं रंगवलेली वाटतात, पण ती खरवडलेली आहेत. गडद गिलाव्यावर फिकट थर द्यायचा आणि तो ओला असतानाच वरचा थर ओरखडून खालचा रंग उघडा करायचा. याला स्ग्राफितो म्हणतात. जवळ जाऊन तिरक्या उन्हात बघितलं की ओरखड्याची खोली दिसते. त्यासाठीसुद्धा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिथे असायला हवं.

महाल आतून जरूर बघा. लाकडी छतं सुंदर आहेत, त्यातलं सोनेरी दालनाचं छत तर मान दुखेपर्यंत बघावं असं. गाइडची फेरी बहुधा चेक भाषेत असते. मागितलं की छापील मजकूर हातात देतात. सोमवारी चेकमधले बहुतेक महाल बंद असतात, त्यामुळे मुक्काम रविवार-सोमवार धरू नका. थंडीतही बरेच बंद असतात, पण सप्टेंबरात तुम्हाला ती अडचण नाही.

तळ्यांबद्दल फारसं कोणी सांगत नाही. जुनं गाव जवळपास चारी बाजूंनी पाण्याने वेढलंय. तळी माणसांनी केलेली, एकेकाळी गावाच्या बचावासाठी आणि माशांसाठी. चौकातून एका लहान वेशीतून बाहेर पडलात की थेट पाण्याच्या काठावर येता, आणि महाल, चर्चचे मनोरे सगळं पाण्यात उलटं दिसतं. काठाने फिरायला पायवाट आहे. मी दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि एक काका गळ टाकून बसले होते. मी 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हटलं, त्यांनी मान हलवली, संपलं संभाषण. चेक माणूस अनोळखी माणसाकडे बघून हसत नाही. ते मनाला लावून घेऊ नका, राग वगैरे काही नसतो. दुकानात शिरताना 'दोब्री देन' आणि निघताना 'ना स्खलेदानोउ' एवढं मात्र न चुकता म्हणा. न बोलता शिरणं तिथे उद्धटपणाचं धरतात. 'दोब्री देन'मधला 'देन' म्हणजे आपला 'दिन' आणि आकाशाला ते 'नेबे' म्हणतात, म्हणजे आपलं 'नभ'. नात्यातलीच भाषा आहे, फक्त उच्चार जिभेला गाठ मारणारे. आणि समोरचा 'नो, नो' म्हणत मान डोलवत असेल तर तो नकार देत नाहीये. 'आनो' म्हणजे हो, आणि बोलताना त्याचंच 'नो' होतं.

आता जेवण. तुमच्या कामाचा शब्द 'बेझ मासा'. ऐकायला आपला मासा वाटतो, पण 'मासो' म्हणजे मांस, आणि 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय. तरीही सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. लसणाचं सूप नावाला शाकाहारी, पण पाणी पुष्कळदा हाडांचं असतं. प्रत्येक खानावळीत मिळणारा पदार्थ म्हणजे 'स्माझेनी सीर': चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, सोबत बटाटे. आवरणात अंडं असतं, आणि बरोबरच्या पांढऱ्या टार्टर सॉसमध्येही. अंडंही चालत नसेल तर हा बाद. मी तुम्हाला फळांचे क्नेडलिकी सुचवेन: पिठाच्या गोळ्यात आलूबुखार किंवा स्ट्रॉबेरी भरून उकडलेले, वर वितळलेलं लोणी, साखर आणि खसखस किंवा किसलेलं घट्ट दही. उकडीच्या मोदकाचे लांबचे चुलतभाऊ. ते लोक हे गोड म्हणून नाही, चक्क जेवण म्हणून खातात, तेव्हा दोन प्लेटी मागवू नका. पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, तेवढं विचारा. रात्री स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. आठ वाजता 'बघू कुठे जेवायचं' म्हणत निघालात तर चिप्सवर झोपावं लागेल. माझं तेच झालं. थेपले आणि चटणीचा डबा बॅगेत असू द्या.

जायचं कसं: प्रागच्या फ्लोरेंत्स बसस्थानकावरून, थेट गाडी मिळाली तर साधारण अडीच-तीन तास, नाहीतर वाटेतल्या यिहलावा शहरात बदलून. आगगाडी आहे, पण बदलाबदली जास्त, बसच बरी. आदल्या रात्री 'इदोस' या संकेतस्थळावर नेमकी तारीख टाकून वेळ बघा, म्हणजे हातोडे वाचायची वेळ येणार नाही. पैसे युरोत नकोत, कोरुना या चेक चलनात ठेवा, आणि थोडे रोख. गाव उंच पठारी भागात आहे, सप्टेंबरच्या रात्री स्वेटर लागतोच. एकटीने रात्री चौकात फिरायला मला तरी धोका दिसला नाही; माझी बहीण नंतर एकटी जाऊन आली, तिचंही मत तेच.

जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे संगीताचा मोठा उत्सव असतो, तेव्हा हे शांत गाव अजिबात शांत नसतं. तुम्ही नंतर जाताय, उत्तम.

दुसरा दिवस मिळाला तर दक्षिणेला जवळच दाचित्से आहे. चहात टाकायची साखरेची चौकोनी वडी तिथे जन्मली. तिथल्या साखर कारखान्याचा व्यवस्थापक राड याच्या बायकोचं साखरेची ढेप फोडताना बोट कापलं, तिने नवऱ्याला काहीतरी उपाय कर म्हणून सुनावलं, आणि १८४३ साली त्याला वडीचं पेटंट मिळालं, असं सांगतात. त्या वडीचं पांढरं शुभ्र स्मारक गावात आहे. बघायला पाच मिनिटं पुरतात. मी तिथे बसून डब्यातला चहा प्यायलो, बिनसाखरेचा.