नावाला लागलेली शेपटी

प्रश्न : ताई, मराठी विकिपीडियावर मी 'मालवा' या नावानं इंदूरच्या छत्र्यांवर (समाधीस्मारकांवर) लिहायचो. बऱ्याच वर्षांनी पाहिलं, तर नावापुढे लहरी रेघ (~) आणि विकीचं नाव जोडलेलं. माझं लेखन गेलं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही हो! सगळं त्या लांबलेल्या नावाखाली सुखरूप आहे. २०१५ साली सर्व विकींवर, म्हणजे निरनिराळ्या भाषांतल्या विकिपीडियांवर आणि त्यांच्या भावंड-प्रकल्पांवर, एका नावाचं एकच खातं ठेवलं गेलं. 'मालवा' दुसऱ्या कुणाकडे गेलं, म्हणून तुमच्या नावाला ही शेपटी लागली. जुनाच पासवर्ड वापरून आत जा आणि नावबदलाची विनंती करा. 'मालवा'च हवं असेल, तर ते नाव आता ज्याच्याकडे आहे त्या खात्यावर सहसा नगण्य संपादनं असावी लागतात. तिथं कुणी मनापासून लिहीत असेल, तर हट्ट सोडा. नवं खातं मात्र उघडू नका, दोन खाती नंतर जोडता येत नाहीत. आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर अजून लिहा, खरंच.