रात्री माकूल दिव्याखाली दिसतात, पण जिग धरत नाहीत. मोठा दिवा घेऊ की बोटीने जाऊ?

तुम्ही लिहिलंय की माकूल येतात, जिगच्या, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या काटेवाल्या खोट्या आमिषाच्या, मागे हातभर अंतर ठेवून थांबतात, मग मागच्या मागे अंधारात सरकतात. आणि त्याच धक्क्यावर शेजारच्याला मात्र लागतात. म्हणजे जागा बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, दिवाही पुरेसा आहे. मोठा दिवा आत्ता घेऊ नका आणि बोटीचा विचारही थोडा मागे ठेवा. मी धक्क्यावरूनही माकूल गरवतो आणि बोटीतूनही. तुमचं वर्णन वाचून माझं ठाम मत आहे की तुम्ही जिग फार ओढताय आणि फार उजेडात ओढताय.

आधी माकूल शिकार कशी करतो ते बघा, बाकीचं त्यावरूनच कळतं. त्याला आठ भुजा आणि दोन लांब सोंडा असतात. आठही भुजा पुढे जुळवून तो भक्ष्याच्या मागोमाग तरंगत राहतो, अंतराचा अंदाज घेतो आणि पापणी लवायच्या आत त्या दोन सोंडा फेकतो. नेम धरायला त्याला क्षणभर शांत लक्ष्य लागतं. कोळंबी घाबरली की शेपटी झटकून मागे उडी मारते आणि मग हळूहळू खाली बसायला लागते. माकूल तिला धरतो ते त्या खाली बसण्याच्या वेळी. उडीमुळे त्याचं लक्ष जातं, पकड पडताना होते. तुम्ही जिग सलग गुंडाळत आणली तर तो कुतूहलाने मागे येणार, पण त्याला नेम धरायची संधीच मिळणार नाही. मग परत जाणार. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

म्हणून क्रम असा ठेवा. जिग टाका आणि तळाजवळ जाईपर्यंत बुडू द्या. नेहमीच्या साडेतीन नंबरच्या (नंबर म्हणजे जिगचं माप, ते पुढे सांगतो) जिगला एक मीटर बुडायला साधारण तीन-साडेतीन सेकंद लागतात, त्यामुळे मनात मोजत राहिलात की खोली कळते. मग रॉडचे दोन-तीन जोरकस झटके, वरच्या दिशेने. आणि मग थांबा. रॉड खाली आणा, लाईन जेमतेम ताणलेली राहील एवढीच ढील गुंडाळा आणि जिगला परत पडू द्या. हे थांबणं नवीन माणसाला फार लांब वाटतं, हात शिवशिवतात. तरी पाच ते दहा सेकंद काही करू नका. माझे बहुतेक माकूल याच वेळात लागतात, झटक्यावर क्वचितच.

पडत्या जिगवर माकूल बसला की हाताला बहुधा काहीच कळत नाही. कळते ती लाईन. म्हणून पातळ, फिक्या रंगाची ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाईन वापरा आणि पाण्याला जिथे टेकते तिथे नजर ठेवा. एकसारखी खाली जाणारी लाईन मध्येच थबकली, ढिली पडली, एकदम ताणली गेली किंवा बाजूला चालायला लागली, की रॉड उचला. हिसका नको, पण उचल ठाम हवी. कधी कधी पुढचा झटका द्यायला जाता आणि जिग ओलं फडकं अडकल्यासारखी जड लागते. तोही माकूलच असतो, शेवाळ समजून ढील देऊ नका.

आता उजेडाचं. दिव्याखाली आधी बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे छोटे मासे, आणि माकूल त्या माशांसाठी येतो. तो स्वतः मात्र उजेडाच्या कडेला, सावलीत दबा धरून बसतो. तिथून आत झेपावतो आणि परत सावलीत जातो. उजेडाच्या मधोमध जे माकूल तुम्हाला दिसतात ते बहुतेक कोवळे किंवा सावध झालेले असतात. धरणारे दिसत नाहीत. त्यामुळे जिग उजेडाच्या पलीकडे अंधारात टाका आणि अशी आणा की तिचं थांबणं त्या कडेवर पडेल. धक्क्याच्या खांबाची सावली, बांधलेल्या बोटीची सावली, दोन दिव्यांमधला काळोख, ही सगळी चांगली ठिकाणं. डोक्यावरचा टॉर्च पाण्यावर फिरवू नका. गाठ मारायची असेल तर पाण्याकडे पाठ करा. स्थिर दिव्याला माकूल सरावतो, पण हलत्या झोताने बुजतो.

पौर्णिमेच्या आसपास सगळीकडेच उजेड असल्याने दिव्याची ओढ कमी होते. अंधाऱ्या पंधरवड्यात दिव्यावर गर्दी जास्त होते, पण दिवा नसलेल्या खडकाळ किनाऱ्यावर मला चांदणं चालतं, उलट आवडतं. भरती-ओहोटीच्या बाबतीत मी भरती पूर्ण व्हायच्या आधीचा आणि पाणी उलटल्यानंतरचा काळ धरतो. उधाणाच्या जोरकस ओढीत हलकी जिग तळाला पोचतच नाही. आणि मोठा पाऊस पडून गेला असेल तर नदीच्या मुखाजवळ वेळ घालवू नका. माकुलाला गोडं पाणी सोसत नाही, तो खाऱ्या पाण्याकडे निघून गेलेला असतो.

धक्का नवीन असेल तर दिवसाउजेडी एक चक्कर मारा आणि फरशीवरचे शाईचे डाग शोधा. जिथे माकूल वर काढले जातात तिथे काळे शिंतोडे राहतात. ताजा डाग गडद आणि काठाशी पसरट असतो, जुना उन्हाने फिका झालेला. डाग कुठल्या खांबाजवळ दाट आहेत आणि दिव्याच्या कुठल्या बाजूला आहेत ते बघितलंत, तर उजेडाच्या कडेबद्दल मी वर जे सांगितलं ते तुम्हाला जमिनीवर उमटलेलं दिसेल.

जिगबद्दल लोक रंगावर रात्र घालवतात. माझ्या लेखी रंग तिसऱ्या नंबरवर, आधी आकार आणि बुडण्याचा वेग. बहुतेक जातींच्या माकुलांना रंग ओळखता येत नाहीत, त्यांच्या डोळ्यात एकाच प्रकारचं दृक्‌द्रव्य (उजेड टिपणारं द्रव्य) असतं. (जपानच्या किनाऱ्यावरचा चमकणारा होतारु-इका हा अपवाद, त्याच्याकडे तीन आहेत.) त्यांना कळतो तो गडद-फिक्यातला फरक आणि चमक. म्हणून एक गडद, एक फिकी आणि एक अंधारात चमकणारी, एवढ्या तीन पुरतात. चमकणारीला टॉर्चचा उजेड थोडासाच दाखवा. स्वच्छ, उथळ पाण्यात फार लखलखीत जिगला माकूल बिचकतो असं माझं निरीक्षण आहे.

कोळंबीच्या आकाराची ही जिग म्हणजे जपानी एगी. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) दक्षिण जपानमधले मच्छीमार ती लाकूड कोरून बनवत. नंबर तिथल्या जुन्या मापाचे आहेत: अडीच म्हणजे साधारण साडेसात सेंटीमीटर आणि 10 ग्रॅम, तीन म्हणजे नऊ सेंटीमीटर आणि 15 ग्रॅम, साडेतीन म्हणजे साडेदहा सेंटीमीटर आणि 20 ग्रॅमच्या आसपास. मागे येऊन परत जाणारे माकूल लहान दिसत असतील तर एक नंबर उतरा. साडेतीन वापरत असाल तर अडीच लावून बघा, एवढ्यानेही फरक पडतो. आणि नवी जिग घेतली की आधी पायाजवळच्या उजेडात, स्वच्छ पाण्यात सोडून बघा. तोंड खाली, शेपूट वर, तिरकी आणि न गिरक्या घेता उतरली पाहिजे. हनुवटीखालचं शिसं वाकलं असेल तर ती आडवी पडते किंवा एका कुशीवर कलते. अशी जिग कितीही महाग असली तरी बाजूला ठेवा. शेपटीच्या काट्यांची छत्रीही तपासा. खडकावर आपटून एखादा काटा उघडला असेल तर पक्कडने परत जुळवा.

त्या काट्यांना आकडी नसते, हे लागलेला माकूल आणताना लक्षात ठेवा. क्षणभर ढील पडली की तो सुटला. रॉड वाकलेला ठेवून एका गतीने गुंडाळा, मासा खेळवताना रॉड वर-खाली करतो तसं करू नका. ड्रॅग (ओढ वाढली की लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेक) हलका ठेवा, कारण पुष्कळदा फक्त एका सोंडेची पकड असते आणि ओढाताणीत ती तुटते. माकूल पाण्याचा झोत सोडून मागच्या मागे पळतो, त्यामुळे जाळं त्याच्या मागच्या, म्हणजे शरीराच्या टोकाकडच्या बाजूने धरा, मग तो पळता पळता जाळ्यातच शिरतो. डोक्याकडून जाळं घातलंत तर तो बिथरून निसटतो. वर घेण्याआधी पाण्याच्या पृष्ठभागावरच त्याला अंगातल्या नळीतलं पाणी आणि शाई सोडू द्या. आणि बोटं तोंडापासून लांब. भुजांच्या मधली चोच चांगलीच चावते.

एक लागला की त्याच्यामागे बाकीचे येतात. सोबत कोणी असेल तर त्याने त्याच क्षणी जवळच जिग सोडावी.

बोटीतून सगळं उभं होतं, फेकायचं नसतं. खाली शिसं आणि वर मीटर-मीटर अंतराने हलक्या जिगा, अशी माळ तळाला लावायची आणि थोडी थोडी वर घेत प्रत्येक थराला थांबायचं. कुठे धरतो ते कळलं की तेवढीच लाईन पुन्हा सोडायची. रंगाच्या खुणा असलेली लाईन यासाठी फार उपयोगी. सावलीचा नियम इथेही तोच: माकूल बोटीच्या बुडाखालच्या काळोखात जमतात, म्हणून जिग काठाला लागून सरळ खाली सोडा, लांब उजेडात नको. दिवा लावल्यावर लगेच काही होत नाही, धीर धरा. रात्र सरते तसे ते वर वर येतात.

बोटीच्या दिव्याबाबत मात्र कसूर नको. नांगर टाकलेल्या बोटीवर सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लागतो, हा 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला भाग आहे. 7 मीटरपेक्षा छोट्या बोटीला सूट असली, तरी वाहतुकीच्या वाटेत, अरुंद मार्गात किंवा नांगरणीच्या जागी ती नाही. आणि पांढऱ्यावर हिरवा दिवा ही जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरची खूण आहे. माकुलासाठीचा हिरवा दिवा उंच डोलकाठीवर टांगलात तर समोरचा जहाजवाला तुम्हाला भलतंच समजेल. तो पाण्यात सोडा किंवा झाकण लावून खाली वळवा. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नव्हे. धक्क्यावर आणि खडकावरही तेच.

बहुतेक माकूल जेमतेम वर्षभर जगतात आणि अंडी घालून मरतात. अंड्यांचे पांढुरके, बोटाएवढे घोस शेवाळाला नाहीतर नांगराच्या दोरीला चिकटलेले सापडले, तर ते पाण्याबाहेर न काढता तसेच सोडा. अंडी घालायच्या दिवसांत मोठे माकूल मी परत सोडतो. किती आणि केव्हा धरायचे याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते जायच्या आधी बघून घ्या.

तेव्हा सध्या धक्का सोडू नका. आहे तोच दिवा, अडीच नंबरची जिग, उजेडाची कड आणि लांब थांबणं, एवढंच बदला. लाईनवरून माकूल ओळखता यायला लागला की मग बोट करा. हलत्या बोटीत ते शिकणं फार अवघड जातं.