कचरा डेपोची जागा शोधायची कोणी?

प्रश्न: नगरपालिका म्हणते डेपोला जागाच नाही, कलेक्टर ऑफिसात गेलं तर म्हणतात कचरा पालिकेचा विषय. मग जबाबदार कोण?

उत्तर: दोघंही. घरोघरी कचरा उचलणं, ओल्या-सुक्यावर प्रक्रिया करणं हे पालिकेचंच काम, पण जागा मिळवून द्यायला मदत करणं 2016 च्या घनकचरा नियमांनी कलेक्टरवर टाकलं, आणि साधारण 50 किलोमीटरच्या टापूतल्या शहरांना मिळून एकच लँडफिल (उरलेला कचरा शास्त्रीय पद्धतीनं पुरायची जागा), तेही खर्च वाटून घेऊन, हे राज्य सरकारनं जुळवून आणायचं, असंही त्याच नियमांत म्हटलं होतं. परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. मात्र ज्यांच्या शिवारात डेपो येणार त्यांना आधी विचारलंच पाहिजे, नाहीतर पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांसारखं होतं, कचरा पुण्याचा आणि विहिरी नासल्या गावकऱ्यांच्या. तुम्ही कलेक्टरना लेखी अर्ज द्या, पालिकेला प्रत द्या आणि पोच घ्याच.