भात कुकरलाच लावा

प्रश्न : ताई, माझी मुलगी सव्वादोन महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. मी सध्या माहेरी, सदाशिव पेठेत आहे. रात्री ती दर दीड-दोन तासांनी उठते. दिवसा मात्र अगदी गुणी, चार-चार तास हलत नाही. आई पडदे ओढून ठेवते, शिट्टीने जाग येऊ नये म्हणून भातसुद्धा पातेल्यात शिजवते. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नसेल, रात्री वरचं दूध द्या. देऊ का? मी रडकुंडीला आलेय.

उत्तर : वरचं दूध देऊ नकोस. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं. रात्रीचं पाजणं चुकवलंस तर आहे तेही कमी होईल. दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय ना? मग दूध पुरतंय.

आता त्या भाताकडे येऊ. तू ते जाता जाता लिहिलंस, पण सगळी गोम तिथेच आहे. पुण्यात दुपारी 1 ते 4 दुकानं झोपतात, ते आपण चालवून घेतो. तुझी लेक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत झोपते आणि अख्खं घर चवड्यांवर चालत तिची राखण करतं! या वयात 24 तासांत 8 ते 12 वेळा प्यायचं असतं. दिवसा चार-चार तासांच्या झोपा काढल्यावर राहिलेलं पिणं ती कधी उरकणार? रात्रीच.

शिवाय दिवस कुठला नि रात्र कुठली, हे बाळ पोटातून शिकून येत नाही. शरीराचं घड्याळ पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू लागतं, ते मुख्यतः उजेडाने. रात्रीच्या तुझ्या दुधात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात जवळपास नसतंच. म्हणजे तुझं अंग तिला रात्र ओळखायला शिकवतंय आणि आईचे पडदे ते पुसून टाकतायत. आई प्रेमाने करते, ठाऊक आहे मला. पण करते ते चूक, आणि हे तिला तूच सांगायचंस. सासूबाईंनी सांगितलं तर महाभारत होईल.

उद्या सकाळी 7 वाजता पडदे उघड. मिक्सर फिरू दे, बेल वाजू दे, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत. दोन-अडीच तास झाले की दुपटं काढ, तळपाय चोळ, उठव आणि पाज. झोपलेल्या बाळाला उठवतात का, असं कुणी म्हटलं तर खुशाल ऐकून सोडून दे. रात्री मात्र बारीक दिवा, गप्पा नाहीत, लाड नाहीत. पाजायचं आणि पाठीवर निजवायचं. आठ-पंधरा दिवसांत सलग चार तासांची एक झोप मिळाली तरी जिंकलीस. या वयात रात्रभर झोपणाऱ्या बाळांच्या गोष्टी निम्म्या थापा असतात.

आणि झोपेसाठी कुणी जायफळ उगाळायला घेतलं तर सहाण उचलून माळ्यावर टाक. सहा महिने आईचं दूध, डॉक्टरांनी दिलेले थेंब असतील तर ते. बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही.

10 आठवड्यांची लस आता आलीच असेल. तिथे वजन करून घे. ते वाढलेलं नसेल, किंवा बाळ मलूल वाटत असेल, तर माझं पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टर सांगतील तसं कर.