भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा झाला, असे नाही

आपल्या गणेशोत्सवातील नाट्यप्रवेशात पैसे मोजून दर्शनाच्या रांगेत घुसणारा भाविक आहे, आणि मंडळातल्या ज्येष्ठांनी ‘भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल होईल’ असे बजावल्यामुळे तो गाळावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते गाळू नये.

संविधानाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची जी कारणे दिली आहेत, त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता आहे, बदनामी आहे. दुखावलेली धर्मभावना हे स्वतंत्र कारण नाही. धर्मभावना दुखावण्याबद्दलचे, 1927 मध्ये आलेले भारतीय दंड संहितेचे कलम 295अ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम 299) सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली वैध ठरवले, ते जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात बसतो, असे स्पष्ट करूनच. महेंद्रसिंग धोनी यांना विष्णुरूपात दाखवणाऱ्या मुखपृष्ठाचा खटला 2017 मध्ये याच कसोटीवर रद्द झाला.

अर्थात, खटला टिकत नाही म्हणून पोलीस ठाण्याचे हेलपाटे चुकतातच असे नाही, कारण हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मात्र मार्च 2025 मध्ये कवी व खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने, अशा प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करणे उचित आहे आणि शब्दांचा परिणाम हळव्या नव्हे, खंबीर मनाच्या माणसावरून जोखावा, असे सांगितले आहे. शिवाय शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाला कलम 299 ची दखल घेता येत नाही.

मंडळातल्या ज्येष्ठांना कलमांपेक्षा नाथांचे भारूड लवकर पटेल. सासूसासऱ्यांचा काटा निघावा म्हणून भवानीला रोडगा कबूल करणारी सून शेवटी नवऱ्याचीही आहुती द्यायला निघते, आणि ते ऐकून आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीचे वारकरी खळखळून हसतात. त्यात भवानीचा अपमान झाला, असे कोणी म्हणत नाही. आपला रांग मोडणारा भाविक त्याच सुनेच्या जातकुळीतला आहे.

प्रवेशातली दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेची नक्कल मात्र काढून टाकावी. तीत कोणाच्या वागण्यावर बोट नाही, नुसते वेडावणे आहे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तिकीट काढून आलेला प्रेक्षक उठून जाऊ शकतो. रस्त्यावरच्या मांडवाचा कर्णा मात्र मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या घरांत न विचारता शिरतो.