स्पार्टन म्हणजे साधं की फाटकं?

प्रश्न : नोकरीसाठी एकटाच राहतो. रूमवर गादी, एक खुर्ची, इंडक्शन, बास. परवा मित्र आला आणि म्हणाला, 'तुझी रूम एकदम स्पार्टन आहे रे.' हे कौतुक की टोमणा? आणि शब्द आला कुठून? – एक वाचक, सांगली

उत्तर : टोमणा असेल तर फसलेला आहे, कारण स्पार्टन म्हणजे कडका नव्हे, चैनीकडे मुद्दाम पाठ फिरवलेला. शब्द आला दक्षिण ग्रीसमधल्या स्पार्टा या प्राचीन नगरराज्यावरून. तिथे नागरिकाचं पोरगं ७ वर्षांचं झालं की घरातून उचलून सरकारी ट्रेनिंगला टाकायचे, मग वर्षाला अंगावर एकच वस्त्र, आणि अंथरूण म्हणजे युरोटास नदीकाठचे बोरू, तेही चाकू न लावता हाताने मोडून आणायचे. मोठं झाल्यावरही रात्री जेवायला मेसमध्येच जायचं, आपापला शिधा भरायचा, नाही जमलं तर नागरिकाचे हक्कच गेले (मेसची थकबाकी एवढी महाग!). तिथली फेमस डिश काळा रस्सा, म्हणजे डुकराचं मांस, रक्त, व्हिनेगर, मीठ. सिबारिस या चैनीखोर शहरातला एकजण तो चाखून म्हणाला म्हणे, आत्ता कळलं हे लोक मरायला का घाबरत नाहीत ते.

तुमच्या रूमला लागू पडेल असा किस्सा प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने दिलाय. स्पार्टात घराच्या छताला फक्त कुऱ्हाड आणि दाराला फक्त करवत लावायची असा नियम होता, त्यामुळे तिथला एक राजा कॉरिंथ या दुसऱ्या ग्रीक शहरात जेवायला गेला तेव्हा छताची तासलेली लाकडं बघून त्याने विचारलं, तुमच्याकडे झाडं चौकोनीच उगवतात का?

आता हा साधेपणा फुकटचा नव्हता हं. शेतात राबायला हेलॉट नावाचे गुलामासारखे लोक होते, आणि त्यांना मारलं तर पाप लागू नये म्हणून दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करायचे. शब्दात हे काहीच उरलं नाही, उरली ती रिकामी खोली.

जाता जाता, लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा, हाही शब्द तिथलाच, स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून. मॅसेडोनियाचा राजा फिलिप (सिकंदरचा बाप) याने स्पार्टाला धमकी पाठवली होती की मी जर लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला पार उद्ध्वस्त करीन. स्पार्टाने उलटं एकच शब्द पाठवला : 'जर'.