तुझ्या भाषणाच्या पहिल्या वाक्याखालची लाल रेघ

रेवदंडा

प्रिय मुली,
सप्रेम सलाम.

शिबिरातल्या भाषणाचा मसुदा वाचला. अक्षर सुधारलंय. पहिल्याच वाक्याखाली मात्र लाल रेघ मारली आहे: ‘जगाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी एकच आहे.’ टाळ्या मिळतील, पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, 20 व्या अध्यायापाशी हे वाक्य आपटतं.

त्या अध्यायाच्या पहिल्या सात वचनांत ‘हजार वर्षे’ सहा वेळा येतात. तिथूनच वाटा फुटतात. कुणी म्हणतं, येशू आधी येईल, मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील. कुणी म्हणतं, सुवार्तेने जग हळूहळू सुधारेल आणि मग तो येईल. पाचव्या शतकात ऑगस्टीन या धर्मपंडिताने हा आकडा रूपक मानला. हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) हा चालू काळच. 1944 साली तर रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, ख्रिस्त न्यायाआधी येऊन पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असं राज्य करील ही शिकवण सौम्य रूपातही देणं धोक्याचं ठरवलं. म्हणजे खाडीपलीकडे कॅथलिक वस्तीच्या कोर्लईत हा वाद काढलास तर तुझ्याकडे बघतच राहतील.

आणि 1830 च्या दशकातला धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी: महासंकटाआधीच, म्हणजे शेवटच्या मोठ्या छळाच्या काळाआधीच, विश्वासणारे वर उचलले जातील, हा त्याचा विचार. 1909 च्या स्कोफील्ड बायबलने तो तळटिपांतून घरोघर नेला. तळटीप आणि वचन यांतला फरक विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. (मीही त्यांत होतो, बरीच वर्षं.)

मूडी नावाचे अमेरिकन प्रचारक जगाला फुटलेलं जहाज म्हणत. देवाने आपल्या हाती एक होडी दिली आहे, जमतील तेवढे वाचवायचे. आपल्या किनाऱ्यावर हे चटकन पटतं. पण फुटलेल्या जहाजाला डांबर कोण लावतो? जग सुधारणार असं मानणारा मात्र डांबराचा डबा घेऊनच निघतो. पुस्तक एकच, पण सोमवारी सकाळची कामं वेगळी.

आता पान तीन. ‘पुनरागमनाची घाई असलेल्यांना या जगाची पर्वा नसते.’ (पुनरागमन म्हणजे येशूचं पुन्हा येणं.) हेही खोड. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने इथल्या वाड्या आडव्या केल्या. चर्चमध्ये आमच्या बाकावर बसणारे एक काका दुसऱ्याच दिवशी म्हणाले, ‘ही शेवटाचीच चिन्हं.’ मला राग आला. माझ्या डोक्यावर कौलं नव्हती. पण पाऊस लागल्यावर सुपारीची रोपं सगळ्यांत आधी त्यांनीच लावली. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. विचारलं, तर म्हणाले, ‘प्रभू येईल तेव्हा येईल. वाडी ओसाड कशाला ठेवू?’ कोणत्या चौकटीत बसवशील त्यांना?

सगळं विस्कटलेलं आहे असंही लिहू नकोस. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल, एवढं निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे चौथ्या शतकातल्या श्रद्धेच्या कबुलीत, आहे आणि वर सांगितलेले सगळेच ते मानतात. कधी आणि कसा, ते त्यात नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतः हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवणारा, तरी पुष्कळ धार्मिक, शुद्ध मनाच्या ख्रिस्ती लोकांना ते मान्य नाही, हे त्याने लिहून ठेवलं. त्याला भाषणात जागा दे, हवं तर माझे काका गाळ.

‘एकच’ या शब्दाच्या जागी काय घालायचं ते तू ठरव. नवा मसुदा रविवारच्या आत पाठव, आणि ओळींत अंतर सोड. लाल शाईला जागा लागते.

तुझा,
मास्तर